आधी वाटाणा, मग पाटल्या

चि. छबूस,


ताईचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं. पाटल्या मोडल्यास? आणि वर मला मेसेज : "मामा, कॅमेरा आला! आता लेन्स पस्तीसची घेऊ की पन्नासची?"

पाटल्या तुझ्याच होत्या, कबूल. पण "फाळक्यांनीही सिनेमापायी दागिने मोडलेच की" असं ताईला सुनावलंस, ते मला झोंबलं. अगं, १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्या माणसाने आधी वाटाण्याचं रोप टिपलं. दिवसचे दिवस, एकेक चौकट. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं, तेव्हा कुठे पैसेवाल्याची थैली सैल झाली. बायकोचे, सरस्वतीबाईंचे, दागिने त्या उद्योगात गेले हे खरंच, पण दाखवायला हाताशी काम होतं. तुझा वाटाणा कुठाय? दोन दिवस कॅमेरा भाड्याने आणून एखादा प्रसंग तरी काढून बघायचास.

दुसरं म्हणजे, फाळक्यांचा सिनेमा मुका होता. तुझी आजी-नातीची गोष्ट सगळी बोलण्यावर, आणि तू पाठवलेल्या सामानाच्या यादीत माइक नाही! कॅमेरा आहे, गिंबल आहे, ड्रोन आहे. ड्रोन कशाला गं? आजी उडणार आहे का? मालेगावात सिनेमे काढणाऱ्या शेख नासिरने सायकलवर कॅमेरा घेऊन ट्रॉली शॉट काढले. तुझ्याकडे सायकल आहे.

लेन्सचं सांगून टाकतो. तू शूटिंगला घेतलेलं कोकणातलं ते माजघर केवढंसं! पन्नासची लावलीस तर भिंतीला पाठ टेकूनही आजीचं नुसतं तोंड येईल. पस्तीसची घे. ट्यूबखाली शटर पन्नासावर ठेव, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, नाहीतर चित्र लुकलुकतं. संपलं कॅमेऱ्याचं.

आता आवाज. पावसाळ्यात कौलारू घरात शूटिंग करायचं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? एका शॉटमध्ये मुसळधार, पुढच्यात पागोळ्या. मग एडिटिंगला बसशील तेव्हा वाक्यावाक्याला ठिगळ ऐकू येईल. संवाद उघडीप बघून घे. पाऊस वेगळा रेकॉर्ड कर आणि नंतर हवा तेवढा घाल. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेव. माजघराची शांतता पडवीला चालत नाही. भिंतींवर गोधड्या टांग. आजीच्या लुगड्याला खळ नको, कॉलर माइकवर ते पापडासारखं वाजतं. घरघर नको म्हणून फ्रीज बंद करशील तेव्हा गाडीची किल्ली त्यातच ठेव, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. आणि जो रेकॉर्डरपाशी बसेल त्याच्या कानावर हेडफोन हवाच. गुहागरला संवादावर चढून रेकॉर्ड झालेला तो जनरेटर आठव. तेव्हा रडली होतीस तूच, मी नाही. (मी नंतर.)

मी जुन्या वळणाचा आहे, आवाजवाल्याला आवाजच मोठा वाटणार, असं म्हणशील. मग रिमा दासचं बघ. आसाममधल्या आपल्या गावात तिने 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं एकटीने. पण आवाजाला तिने बहिणीला बसवलं, मल्लिकाला. पासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला हे तू मला दहादा सांगितलंस. जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार त्याच वर्षी मल्लिकाला मिळाला, हे एकदाही नाही. कॅमेरा दिग्दर्शकाने धरला तरी चालतो, पण कान लावून बसायला एक माणूस मोकळं लागतं. तुझ्या पाच जणांत ते कोण आहे? तो उंच पोरगा? तो तर लाइटही धरतो, गाडीही चालवतो आणि चहाही करतो म्हणालीस.

त्याचंच मला काही ठीक वाटत नाही. अंगणात ओल्या मातीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकू नका. चार विटा रचून वर ठेवा, मेणकापड झाका, आणि त्या घराचं अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घे. लाजू नकोस, किरकोळ खर्चाचं काम आहे. पॅकअप झाल्यावर रात्रीच आंबा घाटाने निघायचं नाही. एक दिवस वाचवायचा म्हणून रात्री गाडी हाकायची, हे मी पुष्कळ पाहिलंय. दिवसभर राबलेला पोरगा, धुकं, मागे सामान. पडवीत झोपा, उजाडल्यावर निघा. एका दिवसाचं भाडं जास्त पडलं तर मी देतो, ताईला सांगू नकोस.

आणि रोज रात्री तिला फोन कर. व्हिडिओ नको, नुसतं बोल. पोरगी जेवली की नाही, ते तिला आवाजावरून कळतं.

तुझा,
मामा

ता. क. माझे हेडफोन एसटीच्या पार्सलने पाठवतोय. डाव्या कानाचा फोम गेलाय, बदलून घे. वायर ओढू नकोस.