फाटकाबाहेरचा वर्ग

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलं की एका बाजूला क्रॉफर्ड मार्केट आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आत गर्द झाडी, जुनी दगडी इमारत, दुपारची शांतता. बाहेर बस, हातगाड्या आणि घाईतली माणसं. सांगली-लातूरहून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी वाटतं की कला आत शिकायची आणि बाहेरून फक्त ये-जा करायची. या संस्थेचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. १८५७ साली ती सुरू झाली आणि १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग इथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं त्यांचीच, आणि त्यांत देव-राजे नाहीत, कष्टकरी माणसं आहेत. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या स्टेशनवर जे मोर, माकडं, पानं-फुलं कोरलेली दिसतात, त्या सजावटीत इथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. तेव्हा शाळा आणि रस्ता यांचं देणंघेणं पहिल्यापासूनचं आहे. प्रेरणा ही कधीतरी अवचित भेटणारी गोष्ट नाही. रोजच्या वाटेकडे हातात पेन्सिल घेऊन पाहत राहिलं तर ती घडते, असं मला ठामपणे वाटतं.

हे कसं घडतं, ते मार्केटसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे पाहिलं की कळतं. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल समोरून जातो आणि काही क्षणांत गर्दीत मिसळतो. तेवढ्यात नाक, डोळे, शर्टाच्या चुण्या असं सगळं कागदावर उतरणं अशक्य. म्हणून विद्यार्थी मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ ओढतो, कारण सगळा भार त्या रेघेतून खाली उतरत असतो. मान ताठ, कोपर बाहेर, पाऊल सपाट. बाकीचं त्याने सोडून दिलेलं असतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि पुढे ज्याला आपण शैली म्हणतो ती अशाच निर्णयांतून जमत जाते.

यावर कोणी म्हणेल की आता जगभरची चित्रं मोबाइलवर आहेत, मग उन्हात उभं कशाला राहायचं? ती चित्रं पाहावीतच, त्यांनी नजर विस्तारते. पण पडद्यावरच्या छायाचित्रात चौकट, उजेड, क्षण हे सगळं आधीच दुसऱ्या कोणीतरी निवडलेलं असतं. त्यावरून काम करणाऱ्याला तयार उत्तर मिळतं, प्रश्न मिळत नाही. मग जुन्या उत्तम कृतींच्या नकला करणंही निरुपयोगी का? मुळीच नाही. इथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली इथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तिथे भिंतीसमोर बसून एकेक रेघ हाताने शोधावी लागत होती, म्हणून ते शिक्षण होतं. शिवाय त्या भिंतींवर बोधिसत्त्वांसोबत दासी आहेत, साजशृंगार करणाऱ्या स्त्रिया आहेत, हत्ती-माकडं आहेत. ते चित्रकारही आपल्या भोवतालाकडे डोळसपणे पाहत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वासुदेव गायतोंडे याच शाळेतून १९४८ मध्ये शिकून बाहेर पडले, आणि त्यांच्या प्रौढ काळातल्या चित्रांत ना माणूस, ना बाजार. मग रोजच्या जगण्याचा संबंध काय? संबंध विषयाचाच असला पाहिजे असं नाही. गायतोंडे रोलरने रंग पसरत, कागदाच्या तुकड्यांनी तो उमटवत. रोलर म्हणजे घराच्या भिंती रंगवणाऱ्याचं साधन. त्यातली शक्यता ओळखायला साध्या वस्तूकडे पाहण्याची सवय लागते. चित्रकार प्रभाकर बरवे यांनीही कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरला, आणि घड्याळ, पान अशा नेहमीच्या वस्तू एकेकट्या ठेवून त्यांना नवा अवकाश दिला. एकाने वस्तू पूर्ण वगळल्या, दुसऱ्याने भोवतीची गर्दी वगळली. वगळण्याचा हा अधिकार दोघांनीही पाहून पाहून कमावला होता. म्हणूनच ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने प्रेरणेची वाट पाहू नये. संध्याकाळी स्केचबुक उघडून त्याने स्वतःला विचारावं, की आज मी काय सोडलं आणि का सोडलं. या प्रश्नाचं उत्तर देता येऊ लागलं की त्याला स्वतःचा विषय सापडायला लागतो.