लाल भिंतीपाशी

फिकट फरशीवर, लाल भिंतीच्या पायाशी, गुलाबीसर झाक उतरलेली असते. ती कुणी रंगवलेली नाही. केव्हिन बीसन यांच्या 'स्मॉलपीटी' या रेंडररचा, म्हणजे उजेडाचा हिशेब करून चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचा, सी प्लस प्लसमधला कोड अवघा ९९ ओळींचा. त्यात भिंत लाल आहे, फरशी करडी आहे, एवढंच लिहिलेलं. गुलाबीचा आकडा कुठेच नाही. तरी ती झाक येते, आणि माझी नजर चित्रातल्या आरशाच्या गोळ्यावरून, काचेच्या गोळ्यावरून सरकत अखेर तिथेच येऊन थांबते.

आजोळी पडवीच्या दांडीवर आजीचं डाळिंबी लुगडं वाळत असे, आणि शेजारची चुन्याची भिंत दुपारभर तांबूस होऊन जाई. मी तिच्यावर तळहात टेकवायची; तळहातही तांबूस. आजी म्हणायची, "अगं, उजेड ज्याला शिवतो त्याचा रंग घेऊनच पुढे जातो." किती सहज बोलून जायची ती!

१९८६ साली जेम्स कजिया यांनी रेंडरिंगचं समीकरण मांडलं. एखाद्या बिंदूवरून निघणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, आणि चहूबाजूंनी त्याच्यावर येऊन परतलेला उजेड. आणि त्या चहूबाजूंच्या उजेडाचा हिशेबही पुन्हा असाच. न संपणारा. पाथ ट्रेसिंग ही त्या न संपणाऱ्या हिशेबाला हात घालायची रीत. किरण उलटे निघतात, डोळ्याकडून दिव्याकडे. भिंतीवर आपटून कुठल्याही दिशेला वळतात, आणि काही वळणांनंतर प्रत्येकाचं पुढे जाणं नशिबावर सोपवलं जातं. जो तरतो, त्याचं वजन वाढवलं जातं: थांबलेल्यांचा वाटाही तोच पुढे नेतो. कोडमधल्या या ओळीशी आले की मला भरून येतं.

स्मॉलपीटी सोर्समधून बिल्ड करायला एक आज्ञा पुरते, बाहेरची कुठली लायब्ररी लागत नाही. लिनक्सवर करा, मॅकवर करा. चित्रातली तीच खोली उभी राहते. तिच्या सपाट दिसणाऱ्या भिंतीही गोलच आहेत, एक लाख त्रिज्येच्या गोलांचे इवलेसे तुकडे. पायाखालची जमीन आपल्याला सपाट वाटते, तशाच. दिवासुद्धा गोलच, छतातून जरासा खाली डोकावणारा.

किरण थोडे सोडले तर सगळं चित्र दाणेदार येतं, आणि ती गुलाबी झाक दाण्यांत विखुरलेली असते, जेमतेम जाणवणारी. दाणेदारपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात. पुन्हा निम्मा, तर पुन्हा चौपट. हल्ली डिनॉइजर हे दाणे क्षणात पुसून देतात, आणि ज्यांना चित्रपटाच्या हजारो फ्रेम्स वेळेत द्यायच्या आहेत, त्यांना ते हवेतच. पण या भिंतीपाशी मी डिनॉइजरला येऊ देत नाही. पुसलेल्या जागी अंदाज येऊन बसतो. मला तिथे भिंतीला खरोखर शिवून आलेला किरण हवा असतो. म्हणून आकडा वाढवून मी पुन्हा एंटर दाबते, आणि टर्मिनलवर टक्के सावकाश चढू लागतात. फरशी आता बरीच निवळली आहे. काचेच्या गोळ्याखाली मात्र पांढरे ठिपके अजून उरलेत. त्यांना आणखी पुष्कळ किरण लागतील.