तीन दुकानांचं देऊळ

एकलहऱ्याच्या बंधाऱ्यावर गोदावरीचं जे पाणी अडतं, ते ब्रह्मगिरीवरून निघून, गंगापूर धरणात विसावून, रामकुंडावरून पुढे आलेलं असतं. आमच्याकडे त्याची वाफ होते आणि वाफेची वीज. नाशिकरोडच्या कोणत्याही गच्चीवरून थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, चिमण्या दिसतात, त्यामुळे एकलहऱ्याची खूण कुणाला सांगावी लागत नाही. पण गावाचं वय विचारलं की लोक चिमण्यांपासूनच मोजायला लागतात. मला मात्र नदीच्या उलट दिशेनं, उगमाकडे जायची ओढ असते. सातपूर, महिरावणी मागे टाकत त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी, गावाला लागूनच, बाराव्या शतकाच्या आसपासची पडकी देवळं आहेत.

डोंगरावर अंजनीमातेचं आणि मारुतीचं ठाणं. मारुतीचा जन्म इथलाच, ही या भागाची श्रद्धा. शनिवारी आणि पावसाळ्यात माणसांची रीघ लागते ती वरच्या वाटेला. खालची देवळं वाटेत असूनही वाटेबाहेर राहतात. काही जैन, काही शैव-वैष्णव. कुठे शिखर शाबूत आहे आणि मंडप गेला आहे, कुठे मंडपाचे चार खांब तेवढे तग धरून आहेत आणि गाभाऱ्यात आभाळ उतरलं आहे. गवतात घटपल्लव कोरलेला खांबाचा तुकडा आडवा पडलेला दिसतो.

मूर्ती नाही, पुजारी नाही, मग देऊळ कुणाचं हे ओळखायचं कसं? दारापाशी जावं. दाराच्या चौकटीच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, ललाटबिंब असतं. तिथे गणपती बसला आहे की पद्मासनातला तीर्थंकर, एवढं पाहिलं की पुष्कळसा उलगडा होतो. झिजलेल्या दगडावर सरळ ऊन पडलं तर काहीच दिसत नाही. सकाळचं तिरपं ऊन हवं. तशा उन्हात आपण चौकटीवर हात ठेवतो, तर दोन दगडांच्या सांध्यात नखही जात नाही. चुना नाही, माती नाही. खाचेत खाच बसवून आणि दगडाच्या भारानंच दगड धरून ठेवलेला. त्याच सांध्यात, वरच्या थराला, पिंपळाचं रोप मात्र शिरलेलं असतं.

इथल्या एका जैन मंदिरात संस्कृत शिलालेख आहे. साल शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४१-४२. यादव घराण्यातला महासामंत सेऊणदेव, म्हणजे तिसरा सेऊणचंद्र, आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला गावातली तीन दुकानं दान देतो. वत्सराज नावाचा धनिक व्यापारी आणखी दोघांना बरोबर घेऊन एक दुकान आणि एक घर देतो. मला या लेखाचं फार मोल वाटतं. यात लढाई नाही, शत्रूचं निर्दालन नाही. देवळात पूजा चालू राहायची तर दर महिन्याला पैसा कुठून येणार, याची व्यवस्था आहे. कुणी तरी त्या दुकानांत धान्य मापत असेल, कुणी तेल विकत असेल, आणि त्या गाळ्यांच्या उत्पन्नातून गाभाऱ्यातली समई तेवत असेल.

बाजाराचा हा धागा आणखी मागे जातो. भोगशक्ती या राजाचे आठव्या शतकाच्या सुरुवातीचे ताम्रपट अंजनेरीलाच सापडले. उद्ध्वस्त झालेलं समगिरिपट्टण आणि आसपासची खेडी पुन्हा वसवल्याची नोंद त्यांत आहे. तिथल्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली आहे. उजाड गाव उठवायचं तर आधी व्यापारी परत आला पाहिजे, हे तेराशे वर्षांपूर्वी एका राजाला पुरतं ठाऊक होतं. आज त्याच अंजनेरीत प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, हे मला फार योग्य वाटतं.

पडक्या देवळासमोर उभं राहिलं की ‘हे कुणी फोडलं?’ हा प्रश्न पहिला तोंडात येतो. विचारायला हरकत नाही, फोडणारे हात इतिहासात होतेच. पण मला त्याआधी विचारावंसं वाटतं, की दिवा लावणारे कधी आणि का थांबले? यादवांची जुनी राजधानी सिन्नर, म्हणजे अंजनेरीपासून दिवसा-दीड दिवसाची बैलगाडीची वाट. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमानं राजधानी देवगिरीला नेली. सत्ता हलली की तिच्या मागोमाग पैसा हलतो, व्यापारी हलतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीही गेली. दुकानांचं उत्पन्न आटलं की आधी तेल संपतं, मग झाडलोट थांबते. पुढचं काम त्र्यंबकचा पाऊस आणि पिंपळ करतात.

उत्पन्नाशी बांधलेलं असं नशीब दूरदेशीही दिसतं. आयर्लंडमध्ये मेलिफाँट नावाचा एक ख्रिस्ती मठ आहे. त्याची स्थापना ११४२ची, जवळजवळ आपल्या शिलालेखाच्याच वेळची. तो शेतजमिनींच्या उत्पन्नावर चारशे वर्षं नांदला. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या हुकमानं तो बरखास्त झाला आणि जमिनी गेल्या. आज पाये दिसतात, आणि साधूंच्या हात धुण्याच्या अष्टकोनी मंडपाच्या काही कमानी. त्या देशात अशा कितीतरी पडक्या चर्चच्या आवारात लोक पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं पुरत राहिले. छप्पर गेलं तरी गावाचा पाय तुटला नाही. आपल्याकडे अंजनेरीच्या देवळांना हे भाग्य लाभलं नाही.

हे सगळं एकलहऱ्याच्या माणसाला जरा जास्तच टोचतं. थर्मलचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. दोनशे दहा मेगावॅटचे तीन उरले आहेत, तेही १९८०च्या आसपासचे. सहाशे साठचा नवा संच यावा म्हणून वर्षानुवर्षं मागणी चालली आहे. संच थकतात तशा वसाहती थकतात, मग किराणा दुकान, पिठाची गिरणी, शाळेची पटसंख्या. गावाला धरून ठेवणारी गोष्ट काय असते, ते आम्ही रोज पाहतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली ही देवळं आहेत, आणि ते संरक्षण हवंच. पण राखणदार पाहुणे नसलेल्या घराची किती काळजी घेणार? २०२७च्या कुंभमेळ्याला लाखो माणसं याच रस्त्यानं त्र्यंबकला जातील. तुम्ही त्यांत असाल, किंवा एखाद्या शनिवारी मारुतीच्या दर्शनाला निघाल, तर पायथ्याशी तासभर थांबा. खांबांवर चढू नका, नावं कोरू नका, कोरीव तुकड्यांना शेंदूर फासू नका. बरोबर मुलं असतील तर ललाटबिंब कुठे असतं ते त्यांना दाखवा, आणि शके १०६३मध्ये या देवळाला तीन दुकानं दिली होती हे सांगा.