न डागलेल्या काडतुसाला तडा का जातो?

पितळ टिकाऊ, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्कराला मात्र तिचा वेगळाच प्रत्यय आला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. कोरडे दिवस आल्यावर पाहावे, तर अनेक पुंगळ्यांना भेगा पडलेल्या असत. आणि त्या डागलेल्याही नसत! हा दोष पुढे 'सीझन क्रॅकिंग' या नावाने ओळखला जाऊ लागला.

१९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते थंड अवस्थेतच ओढून पुंगळी घडवतात. त्यामुळे धातू कठीण होतो. पण त्याच्या अंतरंगात ताण साठून राहतो. पागेतील घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया निघे आणि दमट हवेत तो पितळावर परिणाम करी. अमोनिया तांब्याशी संयोग पावून विद्राव्य संयुग बनवतो. झीज अल्पच होते, परंतु साठलेला ताण त्या सूक्ष्म खाचेला भेगेचे रूप देतो. ताण आणि अमोनिया यांची गाठ पडली, की बाहेरून आघात व्हावा लागत नाही.

उपायही त्यातूनच निघाला: पुंगळी मंद उष्णतेने तापवून ताण उतरवणे, म्हणजेच अनुशीतन, आणि अमोनियापासून तिला दूर ठेवणे.

पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजांना हाच धडा वेगळ्या रूपात भेटतो. प्रत्येक बारात पुंगळी फुगते आणि साच्यात दाबून पूर्ववत केली जाते. या ये-जा करण्याने तिची मान कठीण होऊन अखेर तडकते. मानेचे अनुशीतन केल्यास आयुष्य वाढते. बुडाजवळची भिंत मात्र ताणली जाऊन पातळ होत राहते, आणि तेथे अनुशीतन करणे घातक. कारण बूड मऊ पडले तर दाब सोसत नाही. भिंत तुटली, तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो.

म्हणून 'पुंगळी किती वेळा वापरावी?' या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. दाब, बंदुकीच्या कोठीचे माप आणि साच्यातील दाबणी यांवर ते ठरते. बुडाजवळ चकाकणारे कडे दिसले किंवा आतून तारेच्या टोकाला खाच लागली, की ती पुंगळी बाद.

पागेतल्या पुंगळ्याही वरून धडधाकटच दिसत होत्या. धातूचे वय वर्षांत नव्हे, त्याने सोसलेल्या ताणात मोजावे लागते.