शरणपूरची लेकरे

शाळा कोणाची, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. ज्याने जागा दिली, ज्याने भिंती उभारल्या, ज्याच्या नावाची पाटी दारावर लागली, त्याची ती शाळा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु जून महिन्यात बीदर, भालकी, औरादकडच्या आपल्या खेड्यांतून पेटी-वळकटी घेऊन बोर्डिंगकडे निघालेली मुले पाहिली, की मला या उत्तराने समाधान वाटत नाही. अशा वेळी मला नाशिकजवळच्या शरणपूरची आठवण होते.

आफ्रिकेच्या माणसांशी आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. बीदर शहराबाहेर हबशीकोट नावाची टेकडी आहे. तेथे हबशी सरदारांच्या कबरी आहेत. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. पण असे वर चढलेले थोडे. त्यांच्यामागे, आईच्या कुशीतून ओढून गलबतात कोंबलेल्या असंख्य मुलांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. हा पापी व्यापार एकोणिसाव्या शतकातही चालूच होता. इंग्रजांची लढाऊ जहाजे गुलामांची गलबते पकडीत आणि सुटलेल्या मुलांपैकी कित्येकांना मुंबईस उतरवीत. सुटका तर झाली. पण आता जावे कोठे? आपले गाव कोणते हे सांगता येण्याइतके वयही पुष्कळांचे नव्हते.

अशा मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने मुंबईत आश्रम चालविला होता. १८६० साली तो शरणपूर येथे हलविण्यात आला. ही संस्था आपल्या कॅथोलिक पंथाची नव्हे, प्रॉटेस्टंट बंधूंची; तथापि अनाथाला पोटाशी धरणाऱ्या हाताचा पंथ कोणी विचारू नये. या कार्यात इझेनबर्ग नावाचे जर्मन मिशनरी होते. हिंदुस्थानात येण्यापूर्वी त्यांनी ॲबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, काम केले होते व तेथील अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण तयार केले होते. विल्यम प्राइस यांनीही शरणपूरसाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. मुलांना लिहिणे-वाचणे व धर्मशिक्षण मिळे. त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम, शेती असे हाताला पोट देणारे शिक्षणही मिळे.

मात्र या उपकारात एक उणीव राहून गेली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही या मुलांची नावे पाहा. यांतले एकही नाव त्यांच्या आईने ठेवलेले नव्हे. मायबोली गेली, तिच्या जागी परक्या भाषा आल्या. मी लहानपणी ज्या बोर्डिंगात होतो, तेथे आमची कानडी-उर्दू मिसळलेली सीमेवरची मराठी ऐकून इतर मुले हसत, आणि मग आम्ही काही दिवस बोलतच नसू. सुट्टीत घरी गेल्यावर आई त्याच बोलीत हाक मारी, तेव्हा जिभेची गाठ सुटे. शरणपूरच्या लेकरांना अशी सुट्टी कधीच मिळाली नाही.

तरीसुद्धा त्या शाळेची खरी कीर्ती केली ती याच लेकरांनी. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे आफ्रिकेस परतले आणि मोंबासाजवळच्या रबाई येथे सेवा करू लागले. पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमांतही नाशिकची मुले गेली. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि तेथील झाडावर त्यांचे नाव कोरले. मग तो व त्याचे सोबती यांनी, कोणाची आज्ञा नसताना, ते शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. किनाऱ्यावरील बागामोयो येथे, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच झटणाऱ्या आपल्या कॅथोलिक मिशनमध्ये, त्या शवाला विसावा मिळाला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब होता.

त्याच वर्षी प्राइस मोंबासाजवळ गेले आणि तेथे फ्रिअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. नाशिककडून गेलेली आफ्रिकन कुटुंबे तिचा कणा होती. नव्याने सुटून आलेल्या भेदरलेल्या पोरांना शिकविण्यास आता असा गुरुजी होता, ज्याने तोच अंधार स्वतः भोगला होता. असा गुरुजी पैशाने आणता येत नाही. पण या माणसांच्या हाती अधिकार देण्यास वरिष्ठांनी घाई केली नाही. जोन्स आणि सेम्लर यांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली ती १८८५ साली, म्हणजे रबाईत पाऊल ठेवल्यानंतर २१ वर्षांनी! काम त्यांनी करावे आणि निर्णय दुसऱ्याने घ्यावा, अशी ती २१ वर्षे.

आपल्याच कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी बांधव राहतात. त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतूनच आले, आणि त्यांच्यात कॅथोलिक कुटुंबेही आहेत. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्या मुलांना शाळा हवी आहेच. पण त्या शाळेत फळ्यापुढे उभा राहणारा सिद्दी गुरुजी आणि कारभारात बसणारी सिद्दी आईही हवी.

आणि हे केवळ त्यांच्यापुरते आहे काय? फादर आणि सिस्टर यांच्यावर सारे सोपवून आपण निश्चिंत होतो. फी भरली, धान्याचे पोते पोहोचविले, की आपले कर्तव्य संपले, असे मानतो. वाचकहो, मुलाला पत्र लिहा, आणि ते आपल्या बोलीत लिहा. पालकांची सभा असेल त्या दिवशी कामाचा खाडा झाला तरी जा, आणि मागच्या बाकावर गप्प बसू नका. घरातील मुलगी शिकून मोठी झाली, तर चार वर्षे तरी तिला आपल्याच शाळेत शिकवू द्या. आजीचे नाव, गावचे नाव, घरातले लाडके नाव मुलांच्या ओठी राहू द्या. शरणपूरच्या लेकरांना जे कोणी देऊ शकले नाही, ते देणे आपल्या हाती आहे.