आड आणि पोहरा

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हण टंचाईतली आहे, पण हल्ली मला ती उलटीच ऐकू येते. आडात जे आहे, ते पोहऱ्यात येतच राहणार.

नैरोबीत २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेच्या जागी बेंजामिन वॉन वाँग या कलाकाराने एक अजस्र नळ अधांतरी उभा केला. त्यातून तिथल्याच किबेरा वस्तीत गोळा केलेल्या प्लॅस्टिक कचऱ्याचा लोट खाली येत होता. त्याच परिषदेत २ मार्चला प्लॅस्टिक प्रदूषणाविरुद्ध जागतिक करार करायचं ठरलं. पुढे बुसानला २०२४ मध्ये आणि जिनिव्हाला ऑगस्ट २०२५ मध्ये बोलणी फिसकटली. मोठा वाद होता तो नव्या प्लॅस्टिकच्या उत्पादनाला मर्यादा घालण्यावरून. पोहऱ्याबद्दल एकमत जमतं, आडापाशी मोडतं.

पण पोहरा म्हटलं की मला रहाटाची करकर आठवते, काथ्याच्या दोराने तळहातांवर उठलेले वळ आठवतात. तो दोर नायलॉनचा झाला, भिजून कुजेनासा झाला. पोहऱ्याच्या जागी प्लॅस्टिकची बादली आली. आजी पितळी हंडा घेऊन चढण चढायची. पाण्याआधी हंड्याचंच ओझं मानेवर. आता उन्हाळ्यात टँकरची वाट बघत प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लागते. घागरीला चीर गेली तर बाई उलथनं चुलीत लाल करते, चिरेवरून दाबत फिरवते, धूर डोळ्यांत जातो. घागर पुन्हा पाण्याला जाते. तिच्या मानेवरचं ओझं प्लॅस्टिकनेच उतरवलं आहे.

किबेरातही पाणी पिवळ्या जेरीकॅनमधून विकत न्यावं लागतं. ज्यांच्या घरात नळ नाही, त्यांच्या वस्तीतल्या कचऱ्याचा नळ जगाला दाखवला गेला. तो पाहून पोटात कालवतं आणि ते कालवणं खरं आहे. पण चीर बुजवणाऱ्या त्या बाईची जपलेली घागर आणि क्षणात फेकलेली पिशवी, दोन्ही तेल आणि वायूच्या एकाच आडातून आलेल्या. त्या लोटात त्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

नळाची चावी फिरवायलाच हवी, असं मला आजही वाटतं. पण किती फिरवायची हे ठरवताना रांगेतल्या त्या बाईला कोण विचारणार? आणि ती ‘राहू दे’ म्हणाली, तर तिला काय उत्तर द्यायचं, ते मला सुचत नाही.