करडे तोडण्याचे दिवस

कुवेत शहराच्या पश्चिमेस सुलैबिया नावाचा भाग आहे. त्या बाजूस गाईंचे मोठे गोठे आहेत, शेती आहे, आणि शेळ्यामेंढ्यांचे पत्र्याचे वाडेही आहेत. या वाड्यांना तिकडे ‘जाखूर’ म्हणतात. अशाच एका जाखुरात माण तालुक्यातील एक गृहस्थ चाकरीस राहिला. गावी तो विहिरी खोदण्याच्या कामावर जाई. शेळ्यांचे सगळे त्याची आई पाहत असे. परदेशी मात्र तेवीस शामी शेळ्या त्याच्या स्वाधीन झाल्या, आणि पहिल्याच हिवाळ्यानंतर करडांचे दूध तोडण्याचे काम त्याच्यावर आले.

शामी शेळी उंच, लांब कानांची, फुगीर नाकाची. दूध भरपूर देणारी. साहजिकच मालकाचे लक्ष त्या दुधावर होते. साठ दिवस झाले की करडे वेगळी काढावीत, असे त्याने सांगून ठेवले होते. याने भिंतीवर खडूने रेघा ओढल्या. साठावी रेघ पडली त्या सकाळी सगळी करडे पलीकडच्या आवारात घातली आणि मध्ये जाळी लावली.

त्या रात्री जाखुरात कोणी झोपले नाही. जाळीच्या अलीकडे आया, पलीकडे लेकरे, आणि दोन्हीकडून एकच आक्रोश. कराराने उसाच्या मळ्यांवर गेलेल्या ज्या घराण्यांच्या परसात शेळी बांधलेली असे, त्यांना हा आवाज निराळा सांगायला नको. या गृहस्थाने घर सोडले तेव्हा त्याची मुलगी दहा महिन्यांची होती. ही गोष्ट तो सहसा काढीत नाही; त्या रात्री सोबतच्या सुदानी गुराख्याजवळ मात्र त्याने ती काढली. सुदानी म्हणाला, तीन रात्रींनी ओरडणे थांबते.

ओरडणे थांबले खरे. पण तिसऱ्या सकाळी जुळ्यांतले धाकटे करडू पाठीला कुबड काढून कोपऱ्यात उभे होते. पुढे लसूणघास पडली होती. तिकडचे लोक तिला ‘जत’ म्हणतात. भावंडे ती ओरबाडून खात होती, हे नुसते हुंगत होते.

त्याने घरी फोन लावला. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्ये वैरण खात हुतं का, आधी?”

“आये, साठ दीस झालं हुतं.”

“दीस कसलं मोजतुस लेका? त्येचं प्वाट बघायचं!”

म्हातारीचे बोलणे शास्त्राला धरून होते. करडू जन्मते तेव्हा त्याचे कोठीपोट अगदी लहान असते. दूध त्याला वगळून थेट चौथ्या पोटात उतरते. पाला, दाणा पोटात जाऊ लागला म्हणजे कोठीपोट वाढते आणि रवंथ सुरू होते. ते वाढण्यापूर्वी दूध तोडले तर भरल्या गव्हाणीपुढेही करडू खंगते. म्हणून जन्मवजनाच्या अडीचपट वजन भरले, आणि करडू रोज नेमाने चारा खाऊ लागले, म्हणजे तोडावे, असा जाणत्यांचा दंडक आहे. याने काट्याला लावून पाहिले. बाकीची दहा किलोंच्या आसपास भरली. धाकटे जन्मले तेव्हा तीन किलोंचे होते. आता जेमतेम सहा भरले.

आपल्याकडे काही ठिकाणी करडाला काटेरी मुस्के बांधतात, किंवा शेळीच्या सडांना शेण फासतात. पहिले क्रूर आहे, आणि दुसऱ्याने कास बिघडण्याची भीती. आईने यातले काही सांगितले नाही. शेळ्यांचा खुराक आठवडाभर कमी कर म्हणजे दूध आपोआप आटेल, कास तटतटली तर थोडे दूध काढून टाक, आणि धाकट्याला रात्री आईपाशी सोड, एवढेच ती म्हणाली.

मालकाला विचारणे भाग होते. तो आला, करडाच्या बरगड्यांवर हात फिरवला, आणि दुधाचा हिशेब मनात करून “दोन आठवडे” एवढेच म्हणाला. पुढे उन्हाळा उभा होता. याच देशात मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी पारा 53.9 अंशांवर गेला होता. त्याआधी करडू सावरायलाच हवे होते.

संध्याकाळी त्याने ते जाळीपलीकडे सोडले. शेळीने आधी शिंग दाखवले. मग शेपटीपाशी हुंगले, बराच वेळ हुंगले, आणि पाय फाकून उभी राहिली.

अकराव्या दिवशी धाकट्याने जतीची काडी तोंडात धरली, टाकली, पुन्हा धरली. याने ओल्या हाताने भिंतीवरच्या रेघा पुसल्या आणि काटा आणायला आत गेला.